थंड प्रदेशात द्राक्षवेल लावायची केव्हा आणि कशी?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो अशा भागांतून द्राक्ष लागवडीबद्दल तीन प्रश्न वारंवार येत आहेत. रोपे पानगळीच्या सुमारास लावावीत की हिवाळा सरल्यावर? कोणती जात तग धरेल? आणि पहिल्याच हिवाळ्यात वेल जमिनीपर्यंत वाळली, तर चुकले कुठे? तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींचे उत्तर त्यातून निघते.

वेल थंडी सोसते ती पिकलेल्या काडीच्या, म्हणजे त्या हंगामात फुटून पक्व झालेल्या फांदीच्या, जोरावर. उन्हाळ्याच्या अखेरीस हिरवी काडी तपकिरी होऊ लागते, तिच्यात अन्नसाठा जमतो, पाण्याचा अंश घटतो आणि डोळे सुप्तावस्थेत जातात. एवढी तयारी झालेली काडी कडाक्याच्या थंडीतून निभावते. त्याच जातीची हिरवट राहिलेली काडी मात्र पहिल्या कडक रात्रीतच काळी पडते. म्हणून पहिल्या वर्षी वेल किती उंच गेली हे मोजत बसू नका. काडी खालून किती डोळ्यांपर्यंत तपकिरी झाली ते पाहा. उन्हाळा अर्धा सरला की नत्र खत बंद करा आणि पाणी हळूहळू कमी करा, पण मुळांजवळची माती अगदी कोरडी पडू देऊ नका. रोपांभोवती प्लास्टिकच्या नळ्या लावल्या असतील, तर त्याही उन्हाळा संपताना काढा. आतल्या उबेत वाढ थांबत नाही.

आता लागवडीची वेळ. काडी पिकायला अख्खा हंगाम मिळायला हवा, म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: वसंतात लावा. पानगळीच्या वेळी लावलेल्या रोपाची मुळे जमिनीत धरलेली नसतात. माती गोठते, सुटते, पुन्हा गोठते आणि रोप वर उचलले जाते. उघडी पडलेली मुळे मग सुकतात. वसंतातही रोपाचा प्रकार पाहून दिवस ठरवा. उघड्या मुळांचे, डोळे न फुटलेले रोप जमिनीत वाफसा (मशागतीजोगी ओल) येताच लावता येते. शेवटच्या शून्याखालच्या रात्रीपर्यंत थांबायची गरज नाही. पिशवीतल्या, पाने आलेल्या रोपांना मात्र तो धोका टळेपर्यंत थांबवा. कोवळा फुटवा उणे २ ते उणे ३ अंशांतच जळतो.

याच कारणासाठी जागा निवडताना खोलगट भाग टाळा. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खाली साचते. उताराचा मधला भाग सर्वांत चांगला. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन जास्त मिळते आणि फळ पिकते. तिथे डोळे थोडे लवकर फुटतात हे खरे, पण हंगाम आखूड असेल तर मी तरी तोच उतार घेईन. पाणी साचणारी जमीन असेल, तर बोद (मातीचे उंच वरंबे) करूनच लावा.

जातीबाबत मोह आवरा. युरोपीय द्राक्षांचे डोळे साधारण उणे २० अंशांच्या आसपास मरू लागतात. उत्तर अमेरिकेतल्या रानटी द्राक्षांशी संकर करून काढलेल्या जाती त्याहून बऱ्याच काटक असतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या फ्रॉन्टेनॅक (१९९६) आणि मार्केट (Marquette, २००६) या जाती पूर्ण सुप्तावस्थेत उणे ३० अंशांपर्यंतही टिकतात. मार्केटचे डोळे मात्र लवकर फुटतात, म्हणून वसंतात उशिरापर्यंत पारा गोठणबिंदूखाली जात असेल तिथे ती जपून निवडा. चीनच्या निंगशियामध्ये युरोपीय जाती पिकतात, पण तिथे दर हिवाळ्यात वेली मातीखाली गाडतात आणि वसंतात उकरून काढतात. एवढी मजुरी दरवर्षी झेपणार असेल तरच त्या वाटेने जा.

प्रत्यक्ष लावताना मुळे काही तास पाण्यात भिजवा. खड्डा मुळे मोकळी पसरतील एवढा घ्या. मुळे दुमडून कोंबू नका. कलम असेल, म्हणजे हवी ती जात दुसऱ्या वेलीच्या मुळांवर (खुंटावर) जोडलेली असेल, तर जोड जमिनीच्या थोडा वर ठेवा. दोन वेलींत २ ते अडीच मीटर अंतर सोडा. वरची काडी दोन-तीन डोळ्यांवर छाटा आणि पहिल्या वर्षी आलेले घड काढून टाका. जीव तुटतो, पण ती ताकद मुळांना आणि काडीला हवी असते. हिवाळ्यापूर्वी बुंध्याला मातीची भर देऊन कलमाचा जोड झाका, आणि वसंतात ती भर न विसरता काढा. नाहीतर जोडाच्या वर मुळे फुटतात आणि खुंटाचा उपयोग राहत नाही.

वसंतात वेल मेल्यासारखी दिसली, तर उपटण्याची घाई करू नका. डोळा आडवा कापून पाहा: आत हिरवा असेल तर जिवंत, तपकिरी असेल तर मेलेला. एका डोळ्यात तीन अंकुर असतात. मुख्य अंकुर गेला तरी बाजूचे फुटू शकतात. स्वतःच्या मुळांवरची वेल जमिनीलगत फुटली, तर तोच फुटवा वाढवा, जात तीच मिळेल. कलमी वेलीला जोडाखालून फूट आली असेल, तर ती खुंटाची आहे. जोडाच्या वर एकही डोळा जिवंत नसेल, तर तिथे नवे रोप लावा.