मेक्सिकोतल्या सान क्रिस्तोबालहून एका दिवसात पालेंकेचे माया अवशेष आणि वाटेतले धबधबे होतात का? वेळ नसेल तर अवशेष गाळले तर चालेल का?

नाही चालणार. गाळायचंच असेल तर धबधबा गाळा.

तुम्ही लिहिलंय की सोबत आईवडील आहेत, हातात एकच दिवस आहे, आणि "अवशेष म्हणजे शेवटी दगडच, आपल्याकडे काय कमी आहेत?" हे वाक्य मी आमच्याच घरात ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आधी हिशेब. सान क्रिस्तोबाल ते पालेंके दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण ओकोसिंगोवरून जाणारा तो रस्ता डोंगरातला आहे आणि प्रत्येक वस्तीपाशी गतिरोधक आहेत. एका बाजूला पाच तास धरा. टूरची व्हॅन पहाटे चारच्या सुमारास उचलते आणि रात्री उशिरा आणून सोडते. त्यात आग्वा आसूलचे धबधबे आधी, मिसोल-हाचा धबधबा मग, आणि पालेंके सगळ्यात शेवटी, माणसं दमलेली असताना.

आम्हीही असेच गेलो होतो. नाताळच्या सुट्टीत धाकटे दीर कुटुंबासह डॅलसहून आले होते, आम्ही माँतेर्रेहून. आग्वा आसूलला पोरं पाण्यात उतरली ती बाहेर यायला तयार नव्हती, आणि त्यांना दोष देता येणार नाही. चुनखडीमुळे त्या पाण्याला निळा-हिरवा रंग येतो, आणि तोच चुना साचत जाऊन पायऱ्यापायऱ्यांचे बांध तयार होतात. मिसोल-हा वेगळा, सुमारे 35 मीटरची एकच सरळ धार, आणि तिच्या मागून चालत जाता येतं. दोन्ही सुंदर आहेत. पण पालेंकेच्या दारात पोचलो तेव्हा बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता.

व्हॅनसोबतच्या वाटाड्यानं आम्हाला शिलालेखांच्या मंदिरासमोर उभं केलं, पिशवीतून त्या मंदिराच्या पोटात पुरलेल्या पाकाल या माया राजाच्या थडग्याच्या झाकणाचं लॅमिनेट केलेलं चित्र काढलं, आडवं धरलं आणि म्हणाला, बघा, अग्निबाण. दीर खूश. "वहिनी, हे बघा, हात लिव्हरवर, पाय पेडलवर, खालून ज्वाळा निघतायत. उगाच नाही म्हणत लोक." आणि मग तेच, जे ते दर दिवाळीला म्हणतात: "आपल्या वेरूळच्या कैलासाचंही तसंच आहे. ते माणसाचं काम नाही."

माझं माहेर खुलताबादचं. घाट उतरला की वेरूळ. कैलासाच्या भिंतींवर छिन्नीचे घाव मी लहानपणी बोटांनी चाचपलेत. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात माणसांनी वरून खाली डोंगर फोडत नेला, आणि आज त्यांचेच वंशज मोबाइलवर व्हिडिओ बघून म्हणतात की हे परग्रहावरच्यांनी केलं. मला याचा मनापासून संताप येतो. स्वतःच्या पूर्वजांच्या हातांवर विश्वास नसेल तर दुसऱ्यांच्या कुठून असणार?

मी तिथेच म्हटलं, "भाओजी, चित्र उभं धरा." उभं धरलं की दिसतं. ज्याला ते ज्वाळा म्हणतात तो पाताळाचा उघडा जबडा आहे. यंत्र म्हणतात ते क्रुसाच्या आकाराचा विश्ववृक्ष, त्याच्या शेंड्यावर पक्षी बसलाय. मधला माणूस म्हणजे राजा किनिच हनाब पाकाल, 603 साली जन्मलेला, 615 साली बाराव्या वर्षी गादीवर बसलेला आणि 683 साली वारलेला. दगडी पेटीच्या चारही बाजूंना त्याचे पूर्वज कोरलेत, प्रत्येकामागे एक फळझाड उगवलेलं, आणि त्यांची नावं आज वाचता येतात. त्याची आई साक कुक कोकोच्या झाडासोबत आहे. अंतराळवीर आईआजीची नावं आणि फळझाडं कोरून ठेवत नाहीत.

दीर म्हणाले, हे सगळे अंदाज. अंदाज नाहीत. पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रूस यांनी मंदिराच्या आतल्या जिन्यात ठासून भरलेला राडारोडा काढण्यात कित्येक हंगाम घालवले, तेव्हा कुठे 1952 साली ते थडगं सापडलं. 1973 साली पालेंकेतच भरलेल्या परिषदेत लिंडा शेले, पीटर मॅथ्यूज आणि फ्लॉइड लाउन्सबरी या माया लिपीच्या अभ्यासकांनी शिलालेखांवरून इथल्या राजांची ओळच्या ओळ लावली. रूस यांची स्वतःची समाधीही त्या मंदिरासमोरच आहे. आमचा वाटाडा तिच्याकडे पाठ करून अग्निबाण सांगत होता.

वाद तिथल्या तिथे मिटवता आला असता. पाकालचा मुलगा कान बालाम यानं चालत जाण्याच्या अंतरावर तीन मंदिरं बांधली, त्यातल्या दोन मंदिरांत तोच वृक्ष परत येतो. क्रुसाच्या मंदिरातला मुख्य फलक आता मेक्सिको सिटीच्या संग्रहालयात आहे, पण पर्णयुक्त क्रुसाच्या मंदिरातला फलक जागेवर आहे: तिथे तो वृक्ष मक्याचं ताट झालाय आणि कणसांच्या जागी माणसांचे चेहरे आहेत. एवढं पाहिल्यावर कोणी यंत्र म्हणणार नाही. पण तेवढ्यात चला चला सुरू झालं आणि आम्ही परत व्हॅनमध्ये. ओकोसिंगोपर्यंत मी कोणाशी बोलले नाही.

नंतर मी एकटी गेले, पालेंके गावात राहिले आणि दार उघडताच आत शिरले. धुकं होतं, हाउलर माकडं ओरडत होती, गर्दी नव्हती. राजवाड्याचा मनोरा, ओतोलुम ओढ्यावर दगडी छत घालून वळवलेलं पाणी, मग कान बालामची तिन्ही मंदिरं, सगळं निवांत झालं. या वेळी दारावरच एक स्थानिक वाटाड्या घेतला, माया लोकांपैकी चोल समाजाचा. त्यानं सांगितलं की घरात ते चोलच बोलतात. हे शिलालेख ज्या भाषेत आहेत ती चोलच्याच कुळातली. मिसोल-हा ज्या गावाच्या सामाईक मालकीचा आहे ते गाव चोल आहे, आग्वा आसूलला तिकीट फाडणारे त्सेल्ताल माया. म्हणजे ही माणसं कुठे गडप झालेली नाहीत, तुमच्याकडून पैसे घेऊन सुटे परत देतायत. मी फलकाचा फोटो दिरांना पाठवला. उत्तर आलं, "छान आहे, पण प्रश्न उरतोच." कुठला प्रश्न, ते अजून सांगितलेलं नाही.

तर तुमचं. आदल्या संध्याकाळी पालेंके गावात मुक्कामाला या. सकाळी अवशेष, किमान तीन तास, मग जंगलातल्या पायवाटेनं उतरून खालचं संग्रहालय, तिथे झाकणाची प्रतिकृती आहे. दुपारी मिसोल-हा, गावापासून साधारण 20 किलोमीटर. आग्वा आसूल 60 च्या पुढे आहे, जमलं तर जा. आईवडिलांना तेवढी दगदग नको असेल तर मिसोल-हा पुरे. गुडघे दुखत असतील तर मंदिरांवर चढायचा हट्ट नको, कुठे चढू देतात तेही बदलत असतं. शाकाहारी असाल तर घेवडा, मक्याच्या रोट्या, चीज घातलेल्या केसादिया मिळतात. फक्त तळण चरबीत आहे का ते विचारून घ्या.

हे आधी सांगायला हवं होतं: पावसाळ्यात, म्हणजे जून ते ऑक्टोबर, आग्वा आसूलचं पाणी गढूळ होतं, निळं दिसेलच असं नाही. ओढ वरून दिसत नाही, पण जोरदार असते, मनाईची पाटी असेल तिथे उतरू नका. ओकोसिंगोच्या रस्त्यावर गावकरी अधूनमधून रस्ता अडवतात, त्यांच्या जमिनीच्या आणि हक्कांच्या तक्रारी जुन्या आहेत, 1994 चा सापातिस्तांचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचा सशस्त्र उठाव याच भागातला. निघण्याआधी हॉटेलात चौकशी करा आणि रात्रीचा प्रवास टाळा.

सान क्रिस्तोबालचं बुकिंग मोडता येत नसेल आणि व्हॅननंच जावं लागणार असेल, तर पैसे देण्याआधी विचारा की पालेंकेत नक्की किती तास देता. दोनपेक्षा कमी म्हणाला तर दुसरा शोधा. आणि वाटाड्यानं अग्निबाणाचं चित्र काढलंच, तर त्याला म्हणा, आधी कान बालामच्या मंदिरांकडे ने, मग बोलू.