कनू: शब्द कुणाचा, आणि कोरलेली नाव खोडापेक्षा रुंद कशी?

तुमचे प्रश्न दोन आहेत. ‘कनू’ (canoe, लांबट अरुंद नाव) हा शब्द इंग्रजी की फ्रेंच? आणि एका खोडातून कोरलेली नाव त्या खोडापेक्षा रुंद कशी असू शकते?

शब्द दोन्हींचा नाही. तो कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा. ऑक्टोबर १४९२मध्ये कोलंबसने बहामात एकसंध खोडाच्या नावा पाहिल्या. मोठीत चाळीस-पंचेचाळीस माणसं बसत. रोजनिशीत (मूळ प्रत हरवली आहे, लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने केलेला सारांश उरलाय) तो आधी त्यांना ‘अल्मादिया’ म्हणतो, हा स्पॅनिशमध्ये अरबीतून आलेला शब्द. २६ ऑक्टोबरच्या नोंदीत मात्र ‘कानोआ’ येतो. १४९५च्या सुमारास नेब्रिहा या स्पॅनिश व्याकरणकाराने तो आपल्या स्पॅनिश-लॅटिन कोशात घेतलाही. ‘नौका’ उलटी करून ‘कानोआ’ झाला असं कुणी सांगितलं तर सोडून द्या.

गंमत म्हणजे आज कनू म्हटलं की उत्तर अमेरिकेतली भूर्जाच्या सालीची हलकी नाव डोळ्यांपुढे येते. तिची बांधणी वेगळी: लाकडी सांगाडा आणि वर साल. शब्द मात्र मूळचा कोरीव खोडाच्या नावेचा.

आता रुंदीचं. आधी खोड पोखरायचं. लोखंड नसेल तर बारीक आग लावायची, कोळसा झालेला थर शिंपल्याने किंवा दगडी वाकसाने खरवडायचा, पुन्हा आग. द ब्राय या चित्रकोरक-प्रकाशकाने १५९०मध्ये छापलेल्या व्हर्जिनियाच्या चित्रात हेच दिसतं. खरी कसोटी पुढे असते. पोकळीत पाणी भरून तापलेले दगड टाकतात. वाफेने लाकूड मऊ पडलं की बाजू हळूहळू फाकवून आडव्या पट्ट्या ठोकतात. काठ बाहेर जातात तशी दोन्ही टोकं आपोआप वर उचलली जातात. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या हायदा लोकांच्या रेड सीडर झाडाच्या नावांचा तो डौलदार बाक काही अंशी यातूनच येतो. पण भिंत सगळीकडे सारख्या जाडीची हवी, नाहीतर पातळ जागी तडकते. म्हणून तिथले कारागीर बाहेरून ठरावीक खोलीची भोकं पाडून त्यांत खुंट्या मारत. आतून तासताना खुंटीचं टोक दिसलं की थांबायचं. मला तर सगळ्या कामातली ही सर्वांत हुशार युक्ती वाटते.

ही फाकवण्याची पद्धत एस्टोनियाच्या सूमा भागात अजून जिवंत आहे. तिथे अ‍ॅस्पनच्या खोडाची नाव आग आणि पाण्याने उघडतात. २०२१मध्ये युनेस्कोने तातडीने जपायच्या वारशांत तिची नोंद केली. प्रत्यक्ष बघायचं असेल तर ‘हाब्यास’ या नावाने शोधा.