छिद्रांचे, खाचांचे की साधे: गाडीसाठी अपग्रेडेड ब्रेक रोटर कोणते घ्यावेत?

आपण लिहिले आहे की गाडी रोजच्या वापराची आहे, अधूनमधून घाटातूनही जाते, आणि छिद्रे व खाचा असलेले रोटर (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) बसवल्यास ती कमी अंतरात थांबेल असे आपल्याला वाटते. ही अपेक्षा बहुधा पूर्ण होणार नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर आत्ताच एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) सुरू होत असेल, तर थांबण्याचे अंतर टायरच्या पकडीवर ठरते.

रोटरचे खरे काम उष्णता सामावून घेण्याचे आणि ती हवेत सोडण्याचे आहे. १५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबते, तेव्हा सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. त्यातील ७० टक्के पुढच्या चाकांवर येते आणि तेथील प्रत्येक रोटर ७ किलोचा आहे असे धरले, तर एका थांबण्यात त्याचे तापमान साधारण ६० अंशांनी वाढते. एकदा थांबण्यात काही बिघडत नाही. परंतु उतारावर रोटर गार होण्याआधीच पुन्हा ब्रेक लागतो आणि ही वाढ साचत जाते. अशा वेळी रोटरचे वजनच उपयोगी पडते, आणि छिद्रे पाडल्याने नेमके तेच कमी होते. शिवाय छिद्रांच्या कडांपासून तडे जाण्याची शक्यता वाढते. जुन्या प्रकारचे पॅड (ब्रेक लावताना रोटरवर दाबले जाणारे घर्षणाचे तुकडे) तापल्यावर वायू सोडत, त्यांना वाट मिळावी म्हणून छिद्रे आली. आजच्या पॅडना त्यांची फारशी गरज नाही. खाचा पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवतात, पण पॅड लवकर झिजवतात आणि आवाजही करतात.

म्हणून मी मूळ मापाचे, व्हेंटिलेटेड (हवा खेळण्यासाठी आत पोकळी व पाती असलेले), हाय-कार्बन (जास्त कार्बन असलेल्या) बिडाचे आणि गंजरोधक लेप असलेले साधे रोटर घेईन. आतील पाती वक्र असल्यास डावा आणि उजवा रोटर वेगळा असतो, आणि पात्यांची बाहेरची टोके फिरण्याच्या दिशेच्या मागे कललेली असावी लागतात. (अनेक जण खाचांकडे पाहून दिशा ठरवतात, ते चुकीचे आहे.) मोठ्या व्यासाच्या रोटरला वेगळे ब्रॅकेट आणि चाकात पुरेशी जागा लागते, व पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोलही बदलतो, रोजच्या गाडीसाठी मी त्या वाटेला जाणार नाही.

उरलेले पैसे चांगल्या पॅडवर आणि ताज्या ब्रेक ऑइलवर खर्च करावेत. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. घाटात ऑइल उकळून पेडल मऊ पडले, तर कोणताही रोटर ते सावरू शकत नाही.

एका आसावरील दोन्ही रोटर एकदमच बदलावेत आणि बसवण्यापूर्वी हबवरील (रोटर ज्यावर बसतो त्या भागावरील) गंज पूर्ण घासून काढायला सांगावे, कारण गंजाच्या थरामुळे रोटर किंचित तिरका बसतो, त्याची जाडी असमान होत जाते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरू लागते. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक लावून नवे पॅड रोटरवर नीट बसू द्यावेत.