पॅनेल वायरिंगचा अनुभव विमानाच्या वायरिंगला चालेल का?

तुमचा प्रश्न असा: अंबडच्या एमआयडीसीत दहा वर्षं पॅनेल वायरिंग करताय, ओझरकडे विमानाच्या वायरिंगचं काम निघालंय, ते जमेल का आणि त्या वायरीत एवढं वेगळं काय असतं?

ओझरजवळच्या एका छोट्या कारखान्यात मी बरीच वर्षं लूम, म्हणजे विमानाच्या वायरींचे जुडगे, बांधलेत. पॅनेलवाल्याला हे काम जमतं. फेरूल, नंबर, ड्रॉइंग वाचणं हे सगळं तुमच्या हातात आहेच. पण काही सवयी मोडाव्या लागतील.

आधी वायर. घरातली किंवा पॅनेलमधली पीव्हीसी वायर साधारण ७० अंशांपर्यंतची असते. विमानात इंजिनाजवळ ती टिकणार नाही, आणि जळाली तर बंद केबिनमध्ये तिचा धूर जीवघेणा. म्हणून टेफ्लॉनच्या जातीचं इन्सुलेशन, तेही अगदी पातळ, कारण वजन. आतल्या तांब्याच्या तारांवर मुलामा असतो: कथील असेल तर १५० अंशांपर्यंत, चांदी २००, निकेल २६०. सप्लाय २८ व्होल्ट डीसी, आणि मोठ्या विमानात ११५ व्होल्ट एसी, पण ५० नाही, ४०० हर्ट्झ. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर आणि मोटरा लहान, हलक्या होतात.

आकाराच्या बाबतीत नाशिकचं थोडं वेगळं आहे. इथला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखाना १९६४ मध्ये मिगसाठी उभा राहिला, पुढे सुखोई-३० आलं. रशियन ड्रॉइंगवर वायर चौरस मिलिमीटरमध्ये असते, म्हणून इथले जुने लोक अजून तसंच बोलतात. पाश्चात्त्य स्पेसिफिकेशनमध्ये मात्र एडब्ल्यूजी, म्हणजे अमेरिकन वायर गेज, तिथे आकडा वाढला की वायर बारीक. २० गेज म्हणजे जेमतेम ०.६ चौरस मिलिमीटर, आत १९ तारा. नवा माणूस २२ गेजला जाड समजून घेतो. हसू नका, मीही घेतली होती.

मी पहिल्या आठवड्यात कटरच्या पात्यानेच वायरी सोलल्या, जशा पॅनेलमध्ये सोलायचो. तपासणीवाल्याने भिंग लावलं, एका टोकाची एक तार तुटलेली. मी म्हटलं, कंटिन्यूटी येतेय, चालतंय ना! त्याने वायर नापास केली. वायर नेमकी बंडलच्या मधोमध होती. लेसिंग, म्हणजे बंडल बांधायचा दोरा, सोडून ती काढण्यात आणि परत बांधण्यात अर्धा दिवस गेला. त्यानंतर गेजप्रमाणे भोकं असलेल्या स्ट्रिपरशिवाय मी वायरीला हात लावला नाही.

दुसरी सवय सोल्डरची. तुम्ही मल्टीस्ट्रँडची टोकं कथिलात बुडवत असाल. विमानात कनेक्टरच्या पिनला बहुतेक ठिकाणी क्रिंपच लागतो, म्हणजे पिन वायरीवर दाबून बसवायची. सोल्डर तारांमधून वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि जिथे ताठपणा संपतो तिथेच कंपनाने वायर तुटते. क्रिंपिंग टूलला रॅचेट असतं, पूर्ण दाबल्याशिवाय ते उघडत नाही. पिनच्या मागच्या बाजूला बारीक भोक असतं, त्यातून तारा दिसल्याच पाहिजेत. शिवाय नमुन्याचे क्रिंप ओढून, तोडून बघतात, किती जोराला सुटले त्याची नोंद होते.

कनेक्टर बहुतेक गोल. ३८९९९ नंबरचा, सिरीज-३ मधला हातात घेतलात तर प्रेमात पडाल: एका फेऱ्यात पूर्ण बसतो आणि कंपनाने सैल होत नाही. पिन मागून सरकवायची, अडकल्याचं हाताला कळतं, मग हलकेच ओढून बघायचं. न बसलेली पिन समोरचा कनेक्टर जोडताना मागे सरकते, आणि मग जमिनीवर चालणारं सर्किट हवेत जातं-येतं. असला दोष शोधण्याइतकं वैतागवाणं काम दुसरं नाही. रिकाम्या भोकांत प्लग घालायचा, नाहीतर ओल शिरते.

आता बांधणं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. विमानात वायर करंटने क्वचित मरते, घासून मरते. फ्रेमच्या कडेला, शेजारच्या वायरीला, सैल क्लॅम्पमध्ये कंपनाने तासन्‌तास घासत राहते. उघडी पडली की ठिणगी. ही ठिणगी येते-जाते, त्यामुळे साध्या ब्रेकरला ती कळतच नाही. एकेकाळी कॅप्टॉन नावाचं इन्सुलेशन सगळीकडे होतं, हलकं आणि उष्णतेला भक्कम. पण एकदा ठिणगी पडली की त्याचा कोळसा होतो, आणि कोळशातून वीज वाहते, मग बंडलभर जळत जातं. १९९८ मध्ये स्विसएअरचं विमान कॅनडाजवळ समुद्रात पडलं, २२९ माणसं गेली. कॉकपिटच्या छतावर वायरीत ठिणगी पडून वरच्या इन्सुलेशन चादरीने पेट घेतला असावा, असा तपासाचा निष्कर्ष होता. त्यानंतर वायरिंगकडे स्वतंत्र यंत्रणा म्हणून बघायला लागले.

म्हणून पॅनेलमध्ये केबल टाय करकचून आवळून शेपटी कापतो, तसं इथे नाही. टेफ्लॉन दाबाखाली हळूहळू सरकतं, आवळलेला दोरा आत रुततो. पिंपळगाव-दिंडोरी बाजूच्या पोरांना हे सांगावं लागत नाही. द्राक्षाची काडी तारेला बांधताना ती हलता कामा नये आणि फास लागून सोलताही कामा नये, हे त्यांच्या बोटांना माहीत असतं. लेसिंगचा दोरा तसाच. दोन क्लॅम्पमधली वायर हाताने दाबली तर अर्धा इंचभर हलावी, त्याहून जास्त झोल नको. तेलाच्या किंवा इंधनाच्या पाइपच्या वरून वायर न्यायची, खालून नाही, आणि त्या पाइपला बांधायची तर कधीच नाही. कनेक्टरमध्ये शिरण्याआधी वायरीला खाली एक वळण द्यायचं, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. पावसाळ्यात घराच्या सर्व्हिस वायरला आपण देतो तेच.

लांबी तर आणखी बेरकी गोष्ट. एअरबसच्या ए-३८० या विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. २००६ मध्ये जर्मनीहून आलेले हार्नेस (लूमलाच हार्नेस म्हणतात) फ्रान्समध्ये विमानात बसेनात, कारण दोन्हीकडे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या वेगळ्या आवृत्त्या होत्या. वायरी आखूड पडल्या, विमानं रखडली. त्यामुळे लूम बोर्डवर ड्रॉइंग पिनांनी ठोकलेलं असलं तरी मी आधी टेप लावून बघायचो.

कामाचं म्हणाल तर आयटीआय वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट असेल तर उत्तम. ए-६२० हे हार्नेस तपासणीचं स्टँडर्ड वाचून जा, मुलाखतीत फरक पडतो. चिकटवून देतो म्हणत पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका.

आणि आजच एक करा. जुन्या मल्टीस्ट्रँड वायरीची पन्नास टोकं तुमच्या नेहमीच्या पद्धतीने सोला आणि भिंगाखाली तारा मोजा. माझी पन्नासातली अकरा नापास होती.