व्याख्या पाठ, पण सगळा कोड मेनमध्ये: ओओपी (ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग) कुठून शिकवायला घ्यावं?

तुम्ही विचारलंय, की मुलांना एनकॅप्सुलेशन (ऑब्जेक्टने आपला डेटा आत जपणं) आणि इनहेरिटन्स (एका क्लासपासून दुसरा काढणं) यांच्या व्याख्या तोंडपाठ असतात, मग प्रोग्राम लिहिताना सगळं मेनमध्येच (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेथडमध्ये) का कोंबतात. जावा शिकवत असाल तर याचं मूळ बरेचदा एका एररमध्ये सापडतं. मेन सहसा स्टॅटिक असते, म्हणजे ऑब्जेक्टशिवाय चालते. तिच्यातून साधी मेथड थेट कॉल केली की कंपायलर अडवतो. मुलं त्या मेथडला स्टॅटिक लावतात, एरर जाते. मग ती मेथड वापरते ते व्हेरिएबलही स्टॅटिक होतं, आणि बघता बघता क्लास (ऑब्जेक्ट घडवण्याचा साचा) नावापुरता उरतो. म्हणून सुरुवातीचे दोन आठवडे कडक नियम ठेवा: स्टॅटिक फक्त मेनला, आणि मेनमध्ये ऑब्जेक्ट तयार करून त्याच्या मेथड कॉल करायच्या, बाकी काही नाही.

पहिल्याच उदाहरणात एका क्लासचे दोन ऑब्जेक्ट हवेतच. एकाच ऑब्जेक्टवर शिकवलं तर क्लास आणि ऑब्जेक्ट यांतला फरक दिसायला जागाच राहत नाही. खातं नावाचा क्लास घ्या. अ मध्ये 500, ब मध्ये 200. अ मधून 100 काढा, दोन्ही शिल्लक छापा. आता क = अ लिहा, क मध्ये 50 भरा आणि अ ची शिल्लक किती ते रन करण्याआधी वहीत लिहायला लावा. 400 लिहिणारे बरेच निघतात. उत्तर 450 आहे. इथे घाई करू नका. फळ्यावर डावीकडे व्हेरिएबल, उजवीकडे ऑब्जेक्ट आणि मध्ये बाण काढा: न्यू (ऑब्जेक्ट तयार करणारा शब्द) दोनदाच चाललं, म्हणून ऑब्जेक्ट दोनच, अ आणि क चे बाण एकाच ठिकाणी जातात. हे चित्र पक्कं झालं की नल पॉइंटर एक्सेप्शन (बाण कुठेच जात नसताना येणारी एरर) का येतं किंवा दोन स्ट्रिंगची == ने केलेली तुलना का फसते, हे वेगळं समजावत बसावं लागत नाही. पायथनमध्ये हीच चूक दुसऱ्या रूपात येते: लिस्ट इनिटमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडमध्ये) सेल्फवर, म्हणजे त्या ऑब्जेक्टवर, न ठेवता थेट क्लासच्या अंगात लिहिली, की एका ऑब्जेक्टची नोंद सगळ्यांत दिसते.

प्रत्येक फील्ड प्रायव्हेट करून त्याला गेटर-सेटर (ते वाचण्या-बदलण्याच्या मेथड) जोडणं म्हणजे एनकॅप्सुलेशन नव्हे. शिल्लक ऋण होता कामा नये, ही अट ऑब्जेक्टने स्वतः सांभाळायला हवी. लॅबमध्ये शेजाऱ्यांना क्लास अदलाबदल करून द्या आणि आतला कोड न बदलता तो मोडायला सांगा. व्यवहारांची ॲरेलिस्ट गेटरमधून जशीच्या तशी परत केली असेल, तर बाहेरून क्लिअर म्हटलं की सगळा इतिहास साफ. मग यादीची कॉपी का द्यायची ते आपोआप कळतं.

पॉलिमॉर्फिझम (एकच कॉल, प्रत्येक प्रकाराचं आपापलं काम) इंटरफेसवर, म्हणजे कुठल्या मेथड हव्यात ते ठरवणाऱ्या करारावर, शिकवा. खात्याच्या प्रकारावरची इफ-एल्स साखळी तीन ठिकाणी असलेला कोड द्या आणि नवा प्रकार वाढवायला सांगा. एखादी जागा हमखास सुटते, आणि पॉलिमॉर्फिझमची गरज तिथेच कळते.

इनहेरिटन्स सगळ्यात शेवटी, आणि कृपा करून प्राणी-कुत्रा नको. त्यातून वर्गीकरण कळतं, पण पालक क्लासची प्रत्येक मेथड मुलाला चालते का, हा प्रश्नच पडत नाही. जावाच्या लायब्ररीतला स्टॅक (ज्यात फक्त वरूनच ठेवायचं-काढायचं अशी रचना) व्हेक्टर या यादीसारख्या क्लासपासून निघाला आहे, त्यामुळे स्टॅकच्या तळाशीही ॲड करता येतं. मुलांना ते करून बघू द्या, मग आत लिस्ट ठेवून स्वतःचा स्टॅक लिहायला लावा.

परीक्षेत व्याख्या विचारत राहिलात तर मुलं व्याख्याच पाठ करणार. पंधरा ओळींचा कोड द्या आणि दहाव्या ओळीनंतरचं बाणांचं चित्र काढायला सांगा.