२० हजार डॉलरमध्ये ओढून नेता येणारी जुनी केबिन बोट: आधी वजन, मग केबिन

तुम्ही मिशिगनमधल्या नोव्हायला राहता, घरी टोयोटा हायलँडर आहे, मुलं दोन, बजेट २०,००० डॉलर. २००४ सालची २६ फुटी केबिन क्रूझर ट्रेलरसकट १८,५०० ला मिळतेय, ती घ्यावी का, असं विचारलंय. माझं स्पष्ट मत: या गाडीमागे ही बोट घेऊ नका. आणि गाडी बदलणार असाल तरी बजेटमधले १८,५०० एकट्या बोटीत घालू नका.

आधी वजनाचं बघू. जाहिरातीत लिहिलेलं वजन कोरड्या बोटीचं असतं. या वर्गातली २६ फुटी बोट कोरडी ६,००० ते ७,००० पौंड भरते. ७५ गॅलन पेट्रोलचे साडेचारशे पौंड, २० गॅलन पाण्याचे दीडशेच्या वर, ट्रेलरचे दीड हजार, शिवाय बॅटऱ्या, नांगर, दोऱ्या, लाइफ जॅकेटं, अंथरुणं, कूलर. बेरीज ९,००० पौंडांच्या आसपास जाते. हायलँडरची ओढायची मर्यादा ५,००० पौंड, आणि तुमची हायब्रिड असली तर ३,५०० च. नाकापेक्षा मोती जड झालाय. बोट जागची हलेलही, पण आय-७५ महामार्गावर पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला की काय होईल, याचा विचार करा.

एफ-१५० वर्गातला ट्रक घेतला तरी फक्त 'किती ओढतो' हा आकडा पाहू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळं लेबल असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती भार चालतो ते लिहिलेलं असतं. ट्रेलरच्या एकूण वजनाचा ५ ते १० टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जागेवर येतो आणि तोही याच आकड्यात मोजायचा. चौघांचं वजन आणि हिचवरचे आठशे पौंड धरले की एफ-१५० सारख्या बऱ्याच 'अर्ध्या टनी' ट्रकांची मर्यादा तिथेच संपते. २६ फुटी बोट नेहमी ओढायची असेल तर एफ-२५० किंवा सिल्व्हराडो २५०० वर्गाचाच ट्रक लागतो.

म्हणून मी तुम्हाला २४ फुटी बोट सुचवेन. सी रे २४० सनडान्सर किंवा बेलायनरची त्याच मापाची बोट कोरडी पाच हजारांच्या आसपास असते. सगळं धरून सात-साडेसात हजार, म्हणजे नीट निवडलेल्या अर्ध्या टनी ट्रकच्या आवाक्यात. पुढे व्ही-बर्थ, मागे कॉकपिटखाली झोपायची दुसरी जागा, छोटा सिंक, संडास. दोन मुलांसह दोन रात्री नीट निघतात. ट्रक घ्यायचाच नसेल तर हायब्रिड नसलेल्या हायलँडरमागे १९-२० फुटी 'कडी', म्हणजे छोट्या केबिनची बोट येईल, पण तिच्या केबिनमध्ये बसता येतं, कुटुंबाला झोपता येत नाही.

दोन फूट कमी झाल्याचं वाईट वाटून घेऊ नका. परमिटशिवाय रस्त्यावरून न्यायची बोट ८ फूट ६ इंचांपेक्षा रुंद चालत नाही, त्यामुळे २४ आणि २६ फुटीची रुंदी जवळपास सारखीच असते. २६ फुटीत उभं राहता यावं म्हणून उंची वाढवलेली असते आणि आडव्या लाटेत ती जास्त डुलते. लेक सेंट क्लेअर उथळ आहे, लेक ईरीचा पश्चिम भागही. वारा सुटला की तिथे आखूड, उभ्या लाटा बघता बघता तयार होतात. ईरीतल्या बेटावरच्या पुट-इन-बेहून परतताना दुपारी वारा वाढला, तर केबिनच्या उंचीपेक्षा बोटीचं स्थैर्य महत्त्वाचं ठरतं.

आता बोट बघायला गेल्यावर काय पाहायचं ते. बहुतेक लोक केबिनची गादी आणि कॅनव्हास बघून भुलतात. तुम्ही मागच्या बाजूने सुरुवात करा. ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची भिंत: त्या काळच्या बहुतेक बोटींत तिच्या फायबरग्लासच्या आत प्लायवूड असतं आणि इंजिनाचा ड्राइव्ह, म्हणजे पाण्यातला पंखा फिरवणारा भाग, तिथूनच बाहेर निघतो. माठ घेताना टिचकी मारून बघतो, तसं प्लॅस्टिकच्या हातोडीने हळूहळू ठोकत जा. खणखणीत आवाज यायला हवा. ड्राइव्हच्या आजूबाजूला किंवा स्विम प्लॅटफॉर्मच्या (मागच्या, पाण्यात उतरायच्या फळीच्या) बोल्टांपाशी आवाज बद्द झाला की थांबायचं. ओळखीच्या एका कुटुंबासाठी बोट बघताना मालकाच्या परवानगीने मी प्लॅटफॉर्मचा एक स्क्रू काढला. तो तपकिरी होऊन आला, मागोमाग भोकातून पाणी झिरपलं आणि कुजक्या लाकडाचा वास आला. वरून ती बोट आरशासारखी चकचकीत होती. ट्रान्सम नव्याने करायचा खर्च अशा बोटीच्या किमतीच्या निम्म्यावर सहज जातो.

मिशिगनमध्ये गोड्या पाण्यातल्या बोटी मिळतात, हा आपला मोठा फायदा. खाऱ्या पाण्यात इंजिनाचा धूर बाहेर नेणारे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर पाच-सात वर्षांत बदलावे लागतात, गोड्या पाण्यात ते कितीतरी जास्त टिकतात. पण 'कायम गोड्या पाण्यातली' या शब्दावर जाऊ नका. ड्राइव्हवरचे अॅनोड (ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) कशाचे आहेत ते विचारा: गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे लावतात, खाऱ्यासाठी जस्ताचे. जस्ताचे दिसले तर बोटीचा पूर्वेतिहास खोदून विचारा. मरक्रूझर ब्राव्हो थ्री ड्राइव्ह चालायला सुरेख, पण खाऱ्या पाण्यात तो गंजतो, हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे.

आपल्याकडचा धोका वेगळाच आहे, थंडीचा. इंजिनातलं पाणी न काढता बोट हिवाळ्यात ठेवली तर ब्लॉक तडकतो. टॉर्च घेऊन मॅनिफोल्डच्या खाली ब्लॉकच्या बाजू बघा. गंजाचा उभा ओघळ, एपॉक्सीचा लेप किंवा एवढ्याच भागावर ताजा रंग दिसला तर पुढे बोलूच नका. ऑइल दुधाळ असेल तरी तेच. ड्राइव्हचे बेलोज (ट्रान्समपाशी सांध्यावर असलेल्या घडीच्या रबरी नळ्या) शेवटचे कधी बदलले, याची पावती मागा. ते फाटले तर पाणी आधी बेअरिंगमध्ये जातं आणि मग बोटीत.

इंजिनाच्या खोलीत असताना स्टार्टर आणि अल्टरनेटर बोटीचेच आहेत ना, तेही बघा. स्वस्त पडतो म्हणून कोणी मोटारीचा बसवतात. बोटीच्या भागांतून ठिणगी बाहेर पडत नाही, मोटारीच्या भागांतून पडू शकते, आणि बंद खोलीत पेट्रोलची वाफ असते. मुलं केबिनमध्ये झोपणार आहेत, तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचा नवा डिटेक्टर पहिल्या दिवशी बसवा.

ट्रेलरला लोक बोटीबरोबरची फुकट भेट समजतात, पण सगळा प्रवास त्याच्याच भरवशावर असतो. टायरवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शाबूत असली तरी बदलायचा. ब्रेक चालतात का ते रिकाम्या रस्त्यावर ओढून बघा आणि दहा मैलांनी थांबून चाकांचे चारही हब हाताने चाचपा. एखादा चटका देत असेल तर बेअरिंग गेलंय.

पैशाचं असं करा: बोट आणि ट्रेलर मिळून १४-१५ हजारांच्या आत. मिशिगनचा ६ टक्के कर साधारण ९००. सर्वेअर, म्हणजे बोट तपासून देणारा तज्ज्ञ, फुटाला २० ते ३० डॉलर घेतो, म्हणजे पाच-सातशे. तो सॅम्स किंवा नॅम्स या सर्वेअरांच्या संघटनेचा सदस्य असावा आणि विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. बेलोज, इंपेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचा पंखा), टायर यांना दोन हजार धरा. उरलेले हातचे राखा. ट्रकचा खर्च या हिशेबात धरलेला नाही.

भाव ऑक्टोबरमध्ये उतरतात, पण तेव्हा बोटी गुंडाळून ठेवलेल्या असतात आणि पाण्यात चालवून बघता येत नाहीत. न चालवता घ्यायची नाही. शरद ऋतूत भाव ठरवा, बयाणा द्या आणि वसंतात सर्वे आणि पाण्यातली चाचणी पास झाली तरच व्यवहार, असं कागदावर लिहून घ्या. बरेच मालक तयार होतात.

त्या २६ फुटीच्या मालकाला फोन करणारच असाल, तर तीन गोष्टी विचारा: बेलोजची पावती आहे का, बोट आणि ट्रेलर दोन्हींची टायटलं (मालकीची कागदपत्रं) त्याच्याच नावावर आहेत का, आणि मी येईन तेव्हा इंजिन आधी गरम करून ठेवणार नाही ना. थंड इंजिन कसं सुरू होतं ते तुम्हाला स्वतःला ऐकायचंय.