टोपीवरचा क्रूस आणि पंच्याऐंशी हजार मार्क

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

चौथ्या क्रुसेडवरचा, म्हणजे जेरुसलेमसाठी निघालेल्या युरोपातल्या ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या मोहिमेवरचा, तुझा खर्डा दोनदा वाचला. ‘धर्म हे निमित्त, खरा खेळ पैशाचा’ हे वाक्य त्यात तीनदा आलंय. पहिल्यांदा मीही मान डोलावली. तिसऱ्यांदा वाटलं, हा निष्कर्ष तू कागद उघडायच्या आधीच काढून ठेवला होतास.

पैशाबद्दलच बोलायचं तर आधी करार नीट वाच. 1201 मध्ये फ्रेंच सरदारांचे सहा दूत सैन्यासाठी जहाजं ठरवायला व्हेनिसला गेले. दर ठरला माणसामागे 2 मार्क (मार्क हे चांदीचं तेव्हाचं वजनी माप), घोड्यामागे 4. नाइट (घोडेस्वार सरदार) 4,500, घोडे तितकेच, नाइटांचे सेवक 9,000, पायदळ 20,000. कागद-पेन्सिल घेऊन गुणाकार कर, बरोबर 85,000 मार्क येतात. वर व्हेनिसने 50 गॅली (वल्ह्यांच्या युद्धनौका) स्वखर्चाने द्यायच्या आणि जिंकलेल्यातला अर्धा वाटा घ्यायचा. म्हणजे भाडं होतंच, शिवाय भागीदारीही होती.

1202 च्या उन्हाळ्यात जहाजं तयार होती, माणसं नव्हती. जेमतेम एक तृतीयांश आली. बाकीच्यांपैकी कित्येक दुसऱ्याच बंदरांतून परस्पर निघून गेले, कारण करारावर सही त्यांची थोडीच होती! पुढाऱ्यांनी घरची सोन्याचांदीची भांडी डोजच्या, म्हणजे व्हेनिसच्या प्रमुखाच्या, वाड्यावर पोचवली, तरी 34,000 मार्क कमीच पडले. तू इथे ‘व्यापाऱ्यांची हाव’ असं लिहून पुढे गेलास. तुझ्या घरी केटरिंगचा धंदा आहे ना? पाचशे पानांची ऑर्डर देऊन पावणेदोनशे माणसं जेवायला आली, तर बाबा काय करतील, त्यांना विचार. हाव नंतर आली. आधी आली ती बुडीत उधारी.

ती फेडायची म्हणून व्हेनिससाठी झारावर हल्ला. डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचं ख्रिस्ती शहर, हंगेरीच्या राजाच्या छत्राखालचं, आणि त्या राजाने स्वतः क्रुसेडची शपथ घेतलेली! पोप तिसरा इनोसंट ‘नको’ म्हणत होता, तरी नोव्हेंबरात शहर पडलं. हल्ला करणारे सगळे चर्चमधून बहिष्कृत झाले. पुढे फ्रेंचांना माफी मिळाली, व्हेनिसला नाही. फ्रेंच सरदार सिमॉन द माँफोरसारखे काही लोक मात्र या पापात हात घालायला तयार झाले नाहीत आणि वेगळे झाले. त्यांच्यावर तू एक ओळही खर्च केलेली नाहीस.

कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे ख्रिस्ती बायझंटाईन साम्राज्याच्या राजधानीचा, भाग तू चांगला लिहिलायस. तिथल्या पदच्युत सम्राटाच्या मुलाचं, गादी मिळवून दिली तर 2,00,000 मार्क देण्याचं आश्वासन, ते न पाळता येणं, एप्रिल 1204 ची लूट, साम्राज्याचे तीन अष्टमांश व्हेनिसला. फक्त ‘1171 चा सूड’ हे जपून लिही. त्या वर्षी सम्राट मॅन्युएलने साम्राज्यातल्या व्हेनिसच्या माणसांना एकाच दिवशी कैद करून माल जप्त केला, हे खरं. पण 1198 मध्ये त्यांना व्यापारी सवलतींची सनद पुन्हा मिळालेली होती. चालती बाजारपेठ व्यापारी हौसेने जाळत नाही. कट आधीपासून शिजला होता असं तुला म्हणायचं असेल, तर या सनदेचं काय करायचं तेही सांगावं लागेल.

आता डोज दांदोलो. वय झालेलं, डोळे गेलेले. सेंट मार्कच्या चर्चमध्ये गुडघे टेकून रडला, आणि लोकांना दिसावा म्हणून क्रुसेडच्या शपथेची खूण असलेला क्रूस खांद्यावर न लावता मोठ्या सुती टोपीवर पुढे शिवून घेतला. हे लिहिलंय व्हिलहार्दुआँने, त्या सहा दूतांपैकीच एकाने. तू याला ‘नाटक’ म्हटलंस. ‘लोकांना दिसावा म्हणून’ यात दाखवेगिरी आहे, कबूल. पण वारीला निघालेला व्यापारी वाटेत भाव विचारतो म्हणून त्याचा विठ्ठल खोटा ठरतो का? दांदोलो जेरुसलेमला पोचलाच नाही. 1205 मध्ये कॉन्स्टँटिनोपलातच वारला.

आणखी एक माणूस तुझ्या खर्ड्यात नाही. बायझंटाईन इतिहासकार निकेतास कोनियातेस याच्या घरी व्हेनिसचा एक दारूविक्रेता आश्रयाला होता. शहर लुटलं जात असताना त्याने चिलखत चढवलं आणि दाराशी उभा राहिला. लुटारू आले की त्यांच्याच भाषेत सांगायचा, हे घर मी आधीच काबीज केलंय. तेवढ्यावर निकेतासचं कुटुंब वाचलं आणि शहराबाहेर पडू शकलं. तुझ्या त्या लाडक्या वाक्यात हा दारूविक्रेता कुठे बसतो, ते पुढच्या खर्ड्यात लिहून पाठव.